चौथा रकाना

शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अलीकडं,
झेरॉक्सचं दुकान चालेना तेव्हा
नवऱ्यानं जुने सहा कॉम्प्युटर आणले,
पाटीवरचं 'झेरॉक्स' खोडून 'गेम' लिहिलं
आणि स्वतः गेला परत फौंड्रीत.
दुकान माझ्या गळ्यात.

मला खेळता येत नाही. मी माणसं बघते.
तासाला तीस रुपये. वहीत नाव, आला कधी, गेला कधी,
आणि चौथ्या रकान्यात, कुणाला न सांगता,
कोण काय खेळलं ते.
दोन वर्षांत वाटायला लागलं, मला कळलंय:
जसं डोकं, तसा खेळ.

तातोबा इंगवले घ्या. कारखान्याचा चिटबॉय.
कुणाचा ऊस कधी तुटणार, कुठली गाडी कुठल्या वळणावर अडणार,
सगळं त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्यांत.
तो राज्यं उभारतो.
आधी विहीर, मग धान्याचं कोठार, मग तटबंदी.
तीन-तीन तास. आणि लढाई करतच नाही.
शेजारची पोरं ओरडतात, "मामा, मारा की आता!"
"मारतोय की," म्हणतो, "पन आधी घोड्यांस्नी वैरन."

बरोबर आलं ना?
मग सुकुमार चौगुले आला.
उद्यमनगरात लेथवर. केसाएवढा फरक
बोटाच्या पेरानं सांगणारा माणूस.
इथं बसला की नुसता गोळ्या झाडत सुटतो,
भिंतीला, आभाळाला, स्वतःच्याच माणसांना.
एक नेम लागेल तर शपथ.
"दिवसभर मोजायचंच असतंय वैनी," म्हणाला,
"हितं तरी नको."
त्याच्या नावापुढं मी प्रश्नचिन्ह काढलं.
वहीतलं पहिलं.

मृणाल हुक्केरीपुढं दुसरं.
स्पर्धा परीक्षेला तीनदा बसलेली,
तर्काच्या प्रश्नांत तिन्ही वेळा पडलेली.
इथं कुलपाची कोडी सोडवते,
चहा गार होतो इतकी.
मी म्हटलं, अगं, तेच तर आहे हे!
"काकू, हे कुलूप माझ्याकडं घड्याळ लावून बघत नाही."

आणि पिंट्या. भाजीवाल्या शेवंताचा.
आठवीत दोनदा.
वरून ठोकळे पडतात ते खाली नीट बसवायचे,
एवढंच. रोज एवढंच. दहा रुपयांचं.
त्याची आई म्हणायची, "डोस्कंच न्हाई ह्याला."
मीही रकान्यात तसंच काहीसं लिहिलं होतं.

त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर
त्रेचाळीस फूट झालं आणि नाला उलटा फिरला.
रात्रीचे दीड. लाइट गेलेली. पायरीवर पाणी.
तातोबा दारात उभा, मोबाइलच्या उजेडात हिशेब करत:
आधी काय, मग काय, टेम्पो कुठनं.
हिशेब बरोबर होता. पाणी थांबलं नाही.
सुकुमारला फोन केला, तो उचलेना;
त्याच्या घरात आमच्या आधीच शिरलं होतं.

पिंट्या माळ्यावर चढला.
पत्र्याखाली हातभर जागा, वाकडी, मधे वासा.
"द्या," म्हणाला. मी देत गेले.
मॉनिटर आडवा. त्याच्या कुशीत डबा.
वायरी पोकळीत. खुर्चीचे पाय वाशाला.
सहाच्या सहा. वर माझी शिलाई मशीनसुद्धा.
नखभर फट राहिली नाही.
कसं रे जमलं, मी विचारलं.
"जागा दिसती की, काकू," म्हणाला,
जणू मलाही दिसायला हवी होती.

वही तेवढी गल्ल्यात राहिली.
नावं वाचता येतात अजून,
चौथ्या रकान्याची मात्र शाई पसरून
निळं तळं झालंय.

नवी वही आणली. सवयीनं चार रकाने आखले,
चौथा मोकळा ठेवला.
दिवाळीनंतर सुकुमार आला.
भिंतीवरची पाण्याची रेघ बोटानं चाचपली,
"पाच फूट दोन इंच," म्हणाला, आणि बसला.
पहिलीच गोळी नेमकी लागली.
त्याला आवडलं नाही.